खिशातला सराफ: क्रिप्टोचं डेबिट कार्ड निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे सांगलीचे, गेली सहा वर्षं बर्लिनमध्ये राहतात, स्वतंत्रपणे सॉफ्टवेअरची कामं घेतात. एक अमेरिकन ग्राहक अर्धी फी यूएसडीसीमध्ये, म्हणजे डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात, देतो. शिवाय २०२१ मध्ये घेतलेलं थोडं बिटकॉइन तसंच पडून आहे. हे रोजच्या खर्चाला वापरता यावं म्हणून क्रिप्टोचं डेबिट कार्ड घ्यायचं आहे. एका कार्डावर ४ टक्के कॅशबॅक आहे. दुसऱ्यावर काही नाही, पण पैसे स्वतःच्या वॉलेटमध्येच, म्हणजे चाव्या आपल्याकडेच असलेल्या डिजिटल पाकिटात, राहतात. कोणतं घ्यावं? आणि पुण्यातल्या धाकट्या भावाला त्याच खात्यावरचं जोडकार्ड पाठवलं तर चालेल का?

भावाचं आधी सांगून टाकतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. कारणं पुढे येतील.

मी फ्रँकफर्टमध्ये कार्डांच्या मागच्या खोलीत काम करतो, म्हणजे ऑथरायझेशन आणि सेटलमेंट: व्यवहार मंजूर करणं आणि मागाहून हिशेब चुकता करणं. चौदा वर्षं झाली. क्रिप्टोची पाच कार्डं स्वतः वापरली. त्यातली तीन आज अस्तित्वात नाहीत. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढू. ‘कार्डाने क्रिप्टो खर्च करता येतं’ असं सगळे म्हणतात, पण दुकानदाराला तुमचं बिटकॉइन कधीच मिळत नाही. त्याच्या खात्यात पडतात ते युरोच. तुम्ही मशीनवर कार्ड टेकवता तेव्हा मधे बसलेला कोणीतरी तुमचं नाणं विकतो आणि आलेले युरो पुढे सरकवतो. आपल्या आजीच्या भाषेत सांगायचं तर भाजीला निघालेली बाई वाटेत सराफकट्ट्यावर थांबते, पाटलीतलं गुंजभर सोनं मोडते आणि त्या पैशांतून मेथीची जुडी घेते. दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीसाठी पुन्हा गुंजभर. क्रिप्टोचं कार्ड म्हणजे खिशात बसवलेला सराफ. तेव्हा कार्ड निवडताना कार्डाकडे बघायचं नाही, सराफाकडे बघायचं: तो सोनं कधी मोडतो, कोणतं मोडतो, कोणत्या भावाने मोडतो आणि त्याचं दुकान कोणाच्या जागेत आहे. धातूचं कार्ड, विमानतळावरचं लाउंज वगैरे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ या खात्यात टाका.

कधी मोडतो, यावरून कार्डांच्या जाती पडतात. पहिली जात आधी भरून घेणारी. ॲपमध्ये जाऊन तुम्ही १०० युरोचं नाणं विकता, ते युरो कार्डावर बसतात, मग ते खर्चता. क्रिप्टो डॉट कॉमचं कार्ड या जातीचं. दुसरी जात कार्ड टेकवल्याच्या क्षणी विकते. कॉइनबेसचं कार्ड असं चालतं, बायनान्सचं असं चालायचं. ऐकायला दुसरी जात हुशार वाटते, पण मला पहिली जास्त आवडते. पहिलीत महिन्याला दोन विक्री होतात, त्या तुम्ही ठरवून करता आणि भाव बघून करता. दुसरीत महिन्याला साठ विक्री होतात आणि प्रत्येकीचा भाव तुम्हाला पावतीवरच कळतो. त्या साठ ओळी पुढे कराच्या कागदांत बसवायच्या असतात, हे टेकवताना कोणाच्या मनात येत नाही.

तिसरी जात विकतच नाही, गहाण ठेवते. नेक्सोच्या कार्डात डेबिट आणि क्रेडिट असे दोन पर्याय आहेत. क्रेडिटवर ठेवलं की तुमचं नाणं तारण राहतं आणि खर्च हा कर्जाचा असतो. विक्री नाही म्हणून त्या क्षणी कराचा प्रश्नही उठत नाही, आणि हीच त्याची जाहिरात. पण गहाण सोन्याचा भाव पडला की सराफ निरोप पाठवतो, आणि इथला सराफ मध्यरात्रीसुद्धा वाट न बघता सोनं मोडतो. २०२२ च्या सुरुवातीला ४७ हजार डॉलरच्या आसपास असलेलं बिटकॉइन वर्षाअखेरीस साडेसोळा हजारांवर होतं. अशा घसरणीत तारण विकलं जातं ते नेमकं तळाजवळ. ज्याच्याकडे तारणाच्या पाच-सहा पट नाणं पडून आहे आणि कर्जाचा खर्च अगदी लहान आहे, त्याने विचार करावा. तुमचं तसं नाही.

चौथी जात तुमच्या यादीतली दुसरी: पैसे तुमच्याच वॉलेटमध्ये, कार्ड फक्त त्यातून उचलतं. ग्नोसिस पे हे २०२३ मध्ये आलेलं व्हिसा कार्ड असं आहे. त्यात युरोसाठी ईयूआरई वापरतात. ते आइसलँडच्या मोनेरियम या परवानाधारक कंपनीचं, एकास एक युरोला बांधलेलं. यातली एक कारागिरी मला मनापासून आवडते. वॉलेट तुमचंच असेल तर कार्ड टेकवून, पाव घेऊन, पुढच्या सेकंदाला सगळे पैसे दुसरीकडे हलवता येतील आणि कार्ड कंपनी बोंबलत बसेल. म्हणून वॉलेटमधून बाहेर जाणारा प्रत्येक व्यवहार तीन मिनिटं थांबवून ठेवतात. तेवढ्या वेळात कार्डाचा हिशेब आधी चुकता होतो. तीन मिनिटांची ही गैरसोय म्हणजेच पैसे तुमच्या ताब्यात असल्याची किंमत. मेटामास्कचं मास्टरकार्ड वेगळ्या वाटेने जातं: तिथे तुम्ही एका करारपत्राला (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) ‘माझ्या वॉलेटमधून इतके काढ’ अशी मर्यादा देता. ती मर्यादा महिन्याच्या खर्चाएवढीच द्या, आणि त्या वॉलेटमध्ये आयुष्याची पुंजी ठेवू नका. कार्डाचं वॉलेट वेगळं, तिजोरी वेगळी.

आता दुकान कोणाच्या जागेत आहे ते. लोक इथेच फसतात. कार्डावर ज्या कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं ती बहुधा कार्ड जारी करतच नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डची सदस्य असलेली एक वेगळी संस्था ते जारी करते, आणि तिचं नाव कार्डाच्या मागे किंवा अटींच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत असतं. अशा एका संस्थेच्या आधारावर पाच-सहा ब्रँड उभे असतात. ती आडवी झाली की सगळे एकदम आडवे.

हे मी कल्पनेने सांगत नाही. ५ जानेवारी २०१८ ला व्हिसाने जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट होल्डिंग्जचं सदस्यत्व काढलं आणि तिच्यावर टेकलेली क्रिप्टोपे, टेनएक्स, बिटवाला यांची कार्डं एका झटक्यात बंद झाली. बिटवाला तुमच्या बर्लिनचीच. पुढे तिचं नाव नुरी झालं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी जून २०२० मध्ये म्युनिकजवळच्या वायरकार्डच्या पुस्तकांतले १.९ अब्ज युरो मुळात नव्हतेच असं उघड झालं. २६ जूनला ब्रिटनच्या एफसीए या वित्तीय नियामकाने तिच्या तिथल्या उपकंपनीचं काम गोठवलं, तेव्हा क्रिप्टो डॉट कॉम आणि टेनएक्सची कार्डंही थांबली. चार-पाच दिवसांत बंधन उठलं, पण त्या चार-पाच दिवसांत ज्याचं भाडं द्यायचं होतं त्याला विचारा. ऑक्टोबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे क्रिप्टोचं एक्स्चेंज (नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजार) आणि व्हिसा यांनी चाळीस देशांत कार्ड आणण्याची घोषणा केली; ११ नोव्हेंबरला एफटीएक्सच दिवाळखोरीत गेलं. बायनान्सचं युरोपातलं कार्ड २० डिसेंबर २०२३ ला बंद झालं, आणि तेव्हा कंपनी चांगली चालू होती.

यातून माझा नियम असा: कार्डाच्या बाजूला कधीही महिन्याच्या किराणा-बिलापेक्षा जास्त रक्कम ठेवायची नाही. कार्डावर बसलेले युरो बहुधा ई-मनी, म्हणजे आगाऊ भरलेले डिजिटल पैसे, असतात, बँकेतली ठेव नव्हे. १ लाख युरोपर्यंतची ठेव-हमी त्यांना लागू नसते. ते वेगळ्या खात्यात राखून ठेवायचं बंधन कंपनीवर असतं, त्यामुळे ते बुडतीलच असं नाही. अडकतील मात्र नक्की.

युरोपात आता मिका या क्रिप्टोविषयक कायद्याची चौकट आहे. स्टेबलकॉइनबाबतचे (चलनाशी बांधलेल्या नाण्यांचे) नियम ३० जून २०२४ पासून आणि सेवा देणाऱ्या कंपन्यांचे ३० डिसेंबर २०२४ पासून लागू झाले. जुन्या कंपन्यांना दिलेल्या सवलतीची शेवटची मुदत १ जुलै २०२६. तेव्हा कार्ड घेण्याआधी दोन नावं तपासायची: क्रिप्टो सांभाळणाऱ्या कंपनीचा मिका परवाना आहे का, आणि कार्ड जारी करणाऱ्या संस्थेचा ई-मनी किंवा बँक परवाना आहे का. ईएसएमए (युरोपीय संघाचा नियामक) आणि बाफिन (जर्मनीचा) यांच्या नोंदवह्या सगळ्यांना खुल्या आहेत, दहा मिनिटांचं काम आहे. याच कायद्यामुळे युरोपातल्या मोठ्या एक्स्चेंजवरून टेथरचं यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेलं नाणं उतरवलं गेलं. म्हणून उद्या ग्राहक म्हणाला ‘यूएसडीसीऐवजी यूएसडीटी देऊ का’, तर नाही म्हणा.

आता तुमचे ४ टक्के. इथे थोडा रेंगाळतो, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

युरोपीय संघात २०१५ च्या नियमाने इंटरचेंजला कमाल मर्यादा घातली आहे: ग्राहकांच्या डेबिट कार्डावर ०.२ टक्के, क्रेडिटवर ०.३ टक्के. इंटरचेंज म्हणजे दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड जारी करणाऱ्याला मिळणारा वाटा. तुम्ही महिन्याला १००० युरो खर्च केलेत तर डेबिट कार्डावर जारी करणाऱ्याच्या हाती येतात २ युरो. त्यातून प्रोसेसरचे पैसे, फसवणुकीचा तोटा, व्हिसाची फी, ग्राहकसेवा. आणि तुम्हाला द्यायचेत ४० युरो. उरलेले ३८ कोण देतो? तीनच जागा आहेत. एक तर तुम्हीच देता: नाणं विकताना भावातल्या फरकातून किंवा मासिक वर्गणीतून. नाहीतर गुंतवणूकदारांच्या पैशांतून येतात, आणि तो झरा आटला की अटी बदलतात. तिसरी जागा म्हणजे कंपनीने स्वतः छापलेलं टोकन, म्हणजे तिचं स्वतःचं नाणं. कॅशबॅक त्या टोकनमध्ये, आणि वरचा दर हवा तर तेच टोकन विकत घेऊन सहा महिने बांधून ठेवायचं.

क्रिप्टो डॉट कॉमचं क्रोनोस टोकन नोव्हेंबर २०२१ मध्ये एका डॉलरच्या उंबरठ्यावर होतं. मे २०२२ मध्ये कंपनीने कार्डावरची बक्षिसं कापली. त्या वर्षाच्या शेवटी टोकन सहा सेंटांच्या आसपास होतं. ज्याने वरचा दर मिळावा म्हणून ४००० युरोचं टोकन वरच्या भावात घेऊन बांधलं, त्याला वर्षभराचा कॅशबॅक मिळाला असेल फार तर काही शे युरो, आणि बांधलेल्याचे उरले अडीचशे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. कंपनीने लबाडी केली असं मी म्हणत नाही, अटींत सगळं लिहिलेलं होतं. गणित आधीच करता येण्यासारखं होतं, एवढंच.

अमेरिकेतले मित्र जे सांगतात ते इथे जसंच्या तसं लावू नका. तिथे डेबिटच्या इंटरचेंजवरची मर्यादा १० अब्ज डॉलरपेक्षा मोठ्या बँकांना आहे. लहान बँका त्यातून सुटतात आणि क्रिप्टोची कार्डं बहुतेक अशाच लहान बँकांकडून निघतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या माणसाला मिळणारा एखाद टक्का खरा असू शकतो. तोच ब्रँड बर्लिनमध्ये तेवढं देत असेल तर कुठून देतो ते शोधा.

भावाचं, म्हणजे दराचं, सोपं आहे. फक्त कोणी करत नाही. कार्ड आल्यावर पहिली खरेदी १० युरोची करा. त्याच मिनिटाला दुसऱ्या एखाद्या एक्स्चेंजवरचा भाव लिहून ठेवा आणि ॲपने किती नाणं कापलं त्याच्याशी ताडून बघा. ‘शून्य फी’ लिहिलेल्या ठिकाणी मला एक ते दीड टक्क्याचा फरक सर्रास दिसला आहे. फी शून्य असते, भाव वेगळा असतो. सराफाचा जुना धंदा आहे हा, मजुरी माफ आणि वजनात घट.

तुमच्या बाबतीत एक फरक याहून मोठा आहे आणि तो कार्डात नाहीच. यूएसडीसी स्थिर आहे ते डॉलरशी. तुमचं भाडं, विमा, पाव सगळं युरोत. जानेवारी २०२५ मध्ये एक युरो साधारण १.०३-१.०४ डॉलर होता, जूनअखेर १.१७ च्या पुढे. जानेवारीत मिळालेली फी यूएसडीसीमध्येच ठेवून जूनमध्ये कार्डाने खर्च करणाऱ्याची दहा टक्क्यांहून जास्त रक्कम काहीही न करता गेली. उलटही होऊ शकलं असतं. पण मग तो चलनावरचा सट्टा झाला, घरखर्चाचा पैसा नव्हे. शिवाय यूएसडीसीसुद्धा एकदा डगमगलं आहे. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली तेव्हा त्याच्या गंगाजळीतले ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकले होते आणि दोन दिवस भाव ८७-८८ सेंटांपर्यंत उतरला. सोमवारपर्यंत सावरलं. त्या शनिवारी मी स्वतः घाईत थोडं विकलं, त्याची आठवण अजून झोंबते.

म्हणून फी आली की त्याच दिवशी, निदान त्याच आठवड्यात, तिचं युरो करा. खरे युरो किंवा ईयूआरई, ईयूआरसीसारखं युरोचं नाणं.

आणि आता गैरसोयीचा प्रश्न. युरोच करायचे तर कार्ड कशाला? मिका परवाना असलेल्या एक्स्चेंजवर यूएसडीसी विका, पैसे जर्मन बँकेत पाठवा आणि साधं बँकेचं कार्ड वापरा. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना तत्काळ सेपा (युरोतलं बँक-हस्तांतरण) पाठवण्याची सोय देणं बंधनकारक आहे, त्यासाठी साध्या हस्तांतरणापेक्षा जास्त शुल्कही घेता येत नाही. ‘बँकेत पैसे यायला तीन दिवस लागतात’ हे क्रिप्टो कार्डाच्या बाजूचं सगळ्यात जुनं कारण होतं, ते बरंचसं निकालात निघालं आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहांना मी हेच सांगतो आणि ते नाराज होऊन जातात. कार्डाला अर्थ आहे तो दोन ठिकाणी: बँक क्रिप्टोच्या नावाने कुरकुर करते तिथे, आणि पैसे शेवटच्या क्षणापर्यंत स्वतःच्या ताब्यात ठेवायचेत तिथे. दुसरं कारण तुमच्या पत्रात दिसतं, म्हणून पुढचं लिहितो.

कर. जर्मनीत कार्ड टेकवणं म्हणजे विक्री. आयकर कायद्याच्या कलम २३ प्रमाणे नाणं घेऊन एक वर्ष उलटलं असेल तर नफ्यावर कर नाही. वर्षाच्या आत असेल तर तुमच्या नेहमीच्या दराने. २०२४ पासून वर्षाला १००० युरोच्या आतला असा नफा सुटतो, पण ही सूट नाही, उंबरठा आहे: ९९९ ला शून्य, आणि १००० झाले की पहिल्या युरोपासून सगळं करपात्र. महिन्याला साठ लहान विक्री करणारं कार्ड तुम्हाला डिसेंबरमध्ये या उंबरठ्यावर नेऊन उभं करू शकतं आणि शेवटची कॉफी महाग पडते.

तुमचं २०२१ चं बिटकॉइन या हिशेबात मोकळं आहे. ते मोकळंच राहू द्या. जर्मन अर्थमंत्रालयाच्या पत्रकाप्रमाणे हिशेब वॉलेटनिहाय धरला जातो. जुनं बिटकॉइन आणि गेल्या महिन्यात घेतलेलं एकाच खात्यात कालवलं की कोणतं आधी गेलं हे सिद्ध करत बसावं लागतं. आईचे जुने दागिने आणि नवी खरेदी एकाच डब्यात टाकत नाही, तसं. जुनं खर्चायचंच असेल तर वेगळ्या वॉलेटमधून, वर्षातून एक-दोनदा मोठी विक्री करा. कार्डाला ते दाखवू नका.

यूएसडीसीची फी तर मिळाली त्या दिवसाच्या युरो मूल्याने तुमचं व्यावसायिक उत्पन्न आहे. खर्च केलीत की नाही याच्याशी संबंध नाही. पुढे तीच नाणी विकताना डॉलर-युरोच्या फरकाने जो नफा-तोटा होईल तो वेगळा. लगेच युरो करा म्हणतो त्यामागे हेही कारण आहे, ही दुसरी ओळच उरत नाही. आणि हे कोणाला कळणार, असं मनात असेल तर काढून टाका: डॅक-८ या युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२६ पासून क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना ग्राहकांच्या व्यवहारांची माहिती गोळा करून करखात्याला द्यावी लागते.

नोंदींबद्दल माझा एक अनुभव. एका कार्डाने साठ दिवसांची सूचना देऊन सेवा बंद केली. कंपनीचं नाव नको. मी शिल्लक काढून घेतली आणि निवांत झालो. आठ महिन्यांनी विवरणपत्र भरायला बसलो तेव्हा ॲप उघडेना. दोन वर्षांचे व्यवहार ईमेलमधल्या पावत्यांवरून जुळवले, तीन रविवार गेले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला व्यवहारांची फाइल उतरवून घेतो.

दुसरा फटका लिस्बनच्या एका हॉटेलात बसला. टेकवल्याबरोबर विकणारं कार्ड होतं. हॉटेलने खोलीभाड्यावर ३०० युरोची अनामत अडकवली. मी ती ‘फक्त अडकवलेली’ समजलो. कार्डाने तेवढं बिटकॉइन विकून टाकलं. अनामत अकरा दिवसांनी सुटली आणि परत आले ते युरो, बिटकॉइन नाही. मधल्या काळात भाव चढला होता. वर हिशेबात एक न केलेली विक्री. पेट्रोल पंप, भाड्याची गाडी, हॉटेल या तिन्ही ठिकाणी साधं बँकेचं कार्ड द्या. परत केलेल्या वस्तूंचंही तसंच: परतावा युरोत येतो, नाणं गेलं ते गेलं.

आता पुण्याचा भाऊ. युरोपीय परवान्यावरची ही कार्डं युरोपात राहणाऱ्यांसाठी असतात. दुसऱ्या देशात रोज वापरलं जाणारं जोडकार्ड यंत्रणेला लगेच दिसतं, आणि मग नुसतं जोडकार्ड नाही, तुमचं मूळ खातंही चौकशीत अडकतं. मी त्या यंत्रणेच्या आतून सांगतोय. त्याने स्वतः तिथे राहून परदेशी कंपनीत खातं काढलं तर प्रकरण आणखी जड. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर उपकर. खरेदी किंमत सोडून कुठला खर्च वजा होत नाही, एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टो सेवा देणारे मनी लाँडरिंग कायद्याखाली आले. त्यानंतर नोंदणी नसलेल्या परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या. आणि भारतात राहणाऱ्याला परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात वेगळी दाखवावी लागते. मेथीच्या जुडीसाठी एवढं लचांड कोण मागे लावून घेईल? भावाला मदत करायची तर बँकेतून साधे युरो पाठवा. सख्ख्या भावाकडून आलेल्या भेटीवर त्याला कर नाही.

तुम्ही स्वतः सुट्टीत गेलात तर तुमचं कार्ड तिथल्या मशीनवर चालेल. निघण्याआधी पिन घालून ठेवा, कारण भारतात ५००० रुपयांवर नुसतं टेकवून होत नाही. मशीनने ‘युरोत घेऊ का’ विचारलं तर रुपयेच म्हणा, एटीएमवरही. रिक्षावाला आणि वडापावच्या गाडीवर कार्डाचा उपयोग शून्य. तिथे यूपीआय नाहीतर नोटा.

तेव्हा तुमच्या दोनांतलं मी दुसरं घेईन, कॅशबॅक नसलेलं. त्याच्या वॉलेटमध्ये युरोचं नाणं, तीन-चारशे युरोपर्यंत, महिन्याला दोनदा भरायचं. बाकीची फी एक्स्चेंजवर युरो करून बँकेत. जुनं बिटकॉइन वेगळ्या हार्डवेअर वॉलेटमध्ये (चाव्या ठेवणाऱ्या छोट्या उपकरणात), त्याची २०२१ ची खरेदीची पावती छापून फाइलमध्ये. आणि खिशात बँकेचं एक कार्ड कायम.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: तुमचं यूएसडीसी कोणत्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, येतं? तेच नाणं इथेरियम, सोलाना, बेस अशा अनेक साखळ्यांवर असतं. कार्डाचं वॉलेट ग्नोसिसच्या साखळीवर आणि ग्राहक पाठवतो सोलानावर, असं असेल तर मधे एक्स्चेंज लागेल. चुकून सरळ दुसऱ्या साखळीच्या पत्त्यावर पाठवलं तर ते पैसे परत मिळवणं कधी महाग पडतं, कधी अशक्य. ग्राहकाच्या मागच्या पावतीवर साखळीचं नाव असतं, ते बघून कळवा. पुढच्या फीआधी ५ डॉलर पाठवायला सांगून वाट तपासून घ्या.